इंजेक्शन देऊन आणलं आणि मांजर लंगडायला लागलं, तर घरी काय बघायचं आणि काय करायचं

संध्याकाळी दवाखान्यातून घरी आलो, बॅगेची चेन उघडली आणि मांजर तीन पायांवर बाहेर आलं, असं झालं की पोटात गोळा येतो. दवाखाना तोवर बंद झालेला असतो, डॉक्टर फोन उचलत नाहीत आणि घरातला प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. माझ्याकडे गेली अकरा वर्षं मांजरं आहेत, सध्या दोन, आणि हा प्रसंग माझ्यावर तीन वेळा आलाय. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं काम म्हणजे मांजराला उचलू नका. आपला हात लगेच पायाकडे जातो, दाबून बघू कुठं दुखतंय म्हणून, आणि दुखऱ्या पायाला हात लागला की शांतातलं शांत मांजरही चावतं. त्यापेक्षा खोलीचं दार लावा, टाइल्स गुळगुळीत असतील तर एखादी सतरंजी किंवा चटई टाका, चार-पाच फुटांवर आवडीचं काहीतरी ठेवा (आमच्याकडे उकडलेल्या बांगड्याचा तुकडा ठेवला की आमची मांजर झोपेतून उठून येते) आणि त्याला आपणहून चालू द्या. चालताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, एक बाजूने आणि एक मागून, पंधरा-वीस सेकंदांचे पुरेत. हा व्हिडिओ फार कामाचा असतो, कारण दवाखान्यात मांजर टेबलावर अंग चोरून बसतं, एक पाऊलही टाकत नाही, मग डॉक्टर तरी लंगडणं कसं बघणार.

व्हिडिओ बघताना एकच प्रश्न विचारा, पाय टेकतोय की नाही आणि टेकतोय तर कसा. पंजा सरळ टेकतोय पण वजन टाकायला कां कू करतोय, तर बहुतेक वेळा ते टोचल्याचं दुखणं असतं. पण पंजा उलटा होतोय, म्हणजे पंजाची वरची केसांची बाजू जमिनीला घासतेय, किंवा मागच्या पायाची टाच खाली येऊन पाय सपाट पडतोय, किंवा पाय नुसता मागे ओढला जातोय, तर ते दुखण्याच्या पुढचं आहे, नसेचं म्हणजे मज्जातंतूचं आहे, त्याबद्दल खाली लिहिते. आणि अजून एक, सुई कुठल्या पायात दिली होती आणि लंगडतंय कुठल्या पायाने? हे जुळत नसेल तर इंजेक्शनला दोष देण्याआधी दुसरं कारण शोधा.

माझ्या चिंगीचं हेच झालं होतं. रेबीजची लस उजव्या मागच्या पायात दिली, दुसऱ्या दिवशी ती लंगडायला लागली आणि मी दोन दिवस लसीचंच दुखतंय म्हणून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी ती खिडकीत बसून पुढच्या डाव्या पंजाच्या बोटांमधे सारखी चाटत होती तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टॉर्च घेऊन बघितलं तर एक नख मुळाशी उभं चिरलेलं आणि कडेला वाळलेलं रक्त. कॅरियरच्या जाळीत अडकून ओढाओढीत झालं होतं ते, सुईशी काही संबंधच नव्हता. तेव्हापासून मी आधी चारही पंजे बघते, एकेक बोट हलकं दाबून नख बाहेर काढून. दवाखान्यात मांजर घाबरून निसटायला बघतं, टेबलावरून उडी मारतं, कुणीतरी पाय घट्ट धरतं, त्यात मुरगळणं किंवा नख तुटणं होऊ शकतं.

आता साध्या दुखण्याबद्दल. लस टोचली की त्या जागी शरीर आपलं काम सुरू करतं, थोडी सूज येते, स्नायू दुखतो, अंगात कणकण येते. आपल्यालाही धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं की दुसऱ्या दिवशी दंड वर होत नाही, तसंच हे. पहिले २४ ते ४८ तास मांजर सुस्त राहतं, जेवण कमी करतं, कपाटाखाली जाऊन झोपतं, त्या पायावर वजन टाकत नाही, इथपर्यंत चालतं. फक्त हे दर काही तासांनी कमी होत गेलं पाहिजे. सकाळी पाय अधांतरी होता तो संध्याकाळी टेकायला लागला, दुसऱ्या दिवशी फक्त उडी मारताना कुरकुर, तिसऱ्या दिवशी ठीक. काल जितकं होतं त्यापेक्षा आज जास्त असेल, किंवा ४८ तास होऊनही तसंच असेल, तर थांबू नका, दाखवा.

लहान पिल्लांत अजून एक प्रकार असतो. मांजरांची जी तिहेरी लस असते त्यात कॅलिसीव्हायरस (मांजरांना सर्दी-ताप आणणारा एक विषाणू) असतो, आणि त्या लसीनंतर काही पिल्लं लंगडतात आणि सोबत ताप येतो. हे कधी लगेच होतं, कधी आठवड्याभराने, त्यामुळे लोकांना लसीशी संबंध लक्षातच येत नाही. याची खूण म्हणजे लंगडणं जागा बदलतं, आज पुढचा पाय, उद्या मागचा. बहुतेक पिल्लं काही दिवसांत बरी होतात, पण पिल्लू जेवत नसेल आणि अंग तापलं असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच, कारण खरा कॅलिसीव्हायरसचा संसर्गही असाच दिसतो, त्यात तोंडात फोडही येतात. मांजराचं नॉर्मल टेंपरेचरच आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १००.४ ते १०२.५ फॅरनहाइट, त्यामुळे कानाला हात लावून ताप आहे म्हणणं काही खरं नाही. गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजायची सवय असेल तर मोजा, नसेल तर झटापट करू नका.

आता नसेचं. मांडीच्या मागच्या भागातल्या स्नायूंमधून एक मोठी नस जाते, सायटिक नर्व्ह, माणसांना सायटिका होतो तीच. लस सहसा कातडीखाली देतात, पण काही अँटिबायोटिक किंवा भुलीची औषधं स्नायूत देतात, आणि मांजराची मांडी केवढीशी असते. सुई त्या नसेला लागली किंवा झोंबणारं औषध तिच्याजवळ सांडलं तर नस दुखावते. अशा वेळी मांजर सुई जाताना बहुतेकदा किंचाळतं आणि पाय झटकतं, आणि नंतर पंजा उलटा पडायला लागतो. यासाठी बरेच डॉक्टर मांडीच्या पुढच्या बाजूला किंवा कमरेच्या स्नायूत देणं पसंत करतात. पण टोचताना मांजराने झटका मारला तर हात हलतोच.

घरी ओळखायची एक सोपी पद्धत आहे. मांजर शांत असताना पोटाखाली हात घालून थोडा आधार द्या, बाकी पाय जमिनीवर राहू देत, आणि दुखऱ्या पायाचा पंजा हळूच उलटा करून वरची बाजू जमिनीला टेकवा. नस शाबूत असेल तर मांजर क्षणात पंजा सरळ करतं. तसाच उलटा राहू दिला, त्याला कळलंच नाही, तर नसेचा प्रश्न असण्याची शक्यता बरीच. चांगल्या पायाने आधी करून बघा म्हणजे फरक कळेल. मांजर चिडत असेल तर सोडून द्या, व्हिडिओवरूनही डॉक्टरांना अंदाज येतो.

आमच्या सोसायटीत एका मावशींचा बोका आहे, भलादांडगा, साडेपाच किलोचा. त्याला भांडणात चावलेल्या जखमेसाठी लागोपाठ तीन दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती, तिसऱ्या दिवशी टोचताना तो ओरडला आणि घरी आल्यावर मागचा डावा पंजा उलटा टाकत चालायला लागला. मावशी दवाखान्यात भांडायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, आधी औषधाचं नाव आणि टोचल्याची जागा विचारून घेऊ, रागावून काही हाती लागणार नाही. शांतपणे विचारल्यावर डॉक्टरांनी सगळं सांगितलं, सुजेसाठी औषध दिलं आणि पुढचं अँटिबायोटिक तोंडाने घ्यायचं लिहून दिलं. मग घरी रोजचं काम एवढंच, घरभर जुन्या चादरी अंथरायच्या कारण उलटा पंजा टाइल्सवर आणि सिमेंटवर घासून सोलतो आणि जखम झाली की मांजर ती चाटून-चाटून वाढवतं, आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा पाय हलकेच वाकवायचा, सरळ करायचा, बोटं उघडायची, पाच मिनिटं. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही. तिसऱ्या आठवड्यात तो कधीकधी पंजा सरळ टाकायला लागला. साधारण दोन महिन्यांनी तो परत कंपाउंडच्या भिंतीवर होता. सगळी मांजरं इतकी बरी होत नाहीत हेही खरं, नस किती दुखावली त्यावर आहे, पण नसेला वेळ लागतो, आठवडे, कधी महिने, हे माहीत असलं की माणूस दहाव्या दिवशी हताश होत नाही.

यापुढचं नीट वाचा, कारण इथे तास मोजायचे असतात.

मांजर अचानक जोरात ओरडायला लागलं, मागचे दोन्ही पाय किंवा एक पाय एकदम लुळा पडला, तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, आणि त्या पायाचा पंजा दुसऱ्या पायांपेक्षा थंडगार लागतोय, तळव्याच्या गुलाबी गाद्या पांढुरक्या किंवा निळसर पडल्यात, तर हे इंजेक्शनचं दुखणं नाही. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकते तेव्हा असं होतं. हृदयाचा आजार मांजरात कित्येकदा आधी दिसतच नाही. नेमकं दवाखान्यातून आल्यावर झालं तर लोक सुईचं म्हणून सकाळपर्यंत थांबतात, आणि ते थांबणं महागात पडतं, शिवाय मांजराला त्यात भयंकर वेदना होतात. म्हणून लंगडणाऱ्या मांजराचे पंजे हाताने चाचपायची सवय लावा, दोन्हीकडचे एकाच वेळी, थंड-गरम लगेच कळतं. काळ्या गाद्या असतील तर रंग कळणार नाही, मग नखांच्या मुळाशी बघा.

तसंच इंजेक्शननंतर काही मिनिटांत किंवा काही तासांत तोंड सुजलं, सारख्या उलट्या-जुलाब, श्वासाला त्रास, एकदम गळून पडणं, ही ॲलर्जी, यातही ताबडतोब. म्हणून लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाहेर बसा, घाई असली तरी बसा.

रात्री-अपरात्री कुठे जायचं हे आधीच शोधून ठेवा, गरज पडल्यावर शोधायला डोकं चालत नाही. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, फार जुनं, प्राण्यांसाठीच आहे आणि आमच्या घरी दोन पिढ्या तिथं गेल्यात. जिथं जाणार असाल तिथं आधी फोन करून कुठल्या वेळेला डॉक्टर असतात ते विचारून लिहून ठेवा.

आता ज्या चुका मी लोकांना करताना बघते त्या. सगळ्यात भयंकर, पॅरासिटामॉल. घरात असते, ताप आणि अंगदुखीवर आपण लहान मुलांनाही देतो, मग थोडी पाव गोळी द्यावी असं वाटतं. देऊ नका. मांजराच्या लिव्हरमधे ती गोळी पचवणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरते, लहानाला त्याहून कमी. कुणी दिलीच असेल तर लपवू नका, किती वाजता किती दिली ते डॉक्टरांना सांगा, उतारा आहे पण तो लवकर मिळाला तरच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, हीपण नाहीत. वेदनाशामक बाम, स्प्रे, जेल पायाला चोळू नका, मांजर ते चाटणार आणि सगळं पोटात जाणार. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक मांजरांना देतात, पण वजनावर मोजून आणि किडनीचा विचार करून डॉक्टरांनी सांगितलं तरच. कुत्र्याच्या बाटलीतलं तर अजिबात नको, कुत्र्यांसाठीच्या औषधात सहसा मिलीमागे १.५ मिलिग्रॅम आणि मांजरांच्यात ०.५ असं असतं, म्हणजे तेवढेच थेंब तिप्पट डोस होतात.

टोचलेल्या जागेला मालिश करू नका, तेल-हळद नको, पट्टी बांधायची नाही. शेक द्यायचा असेल तर मऊ फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथं नुसतं उबदार लागलं पाहिजे, मग पाच मिनिटं ठेवा. मांजर उठून गेलं तर जाऊ द्या, मागे लागू नका. जागा टम्म फुगलीय, गरम आहे, हात लावू देत नाही, आणि हे दोन-चार दिवसांनी वाढत गेलंय तर आत पू होत असेल, तिथं घरचा शेक देत बसू नका, डॉक्टर ते मोकळं करतील.

बाकी घरची काळजी साधी आहे. दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवा, बाहेर सोडू नका, लंगडं मांजर कुत्र्यापुढे पळू शकत नाही. अन्न, पाणी आणि लिटर (शी-शूची माती) सगळं जवळ. लिटरचा डबा उंच काठाचा असेल तर तात्पुरता एखादा उथळ ट्रे घ्या, नाहीतर दुखऱ्या पायाने आत जायचा कंटाळा करून ते लघवी रोखून धरतं, आणि बोक्यांमधे ते वाईट. खिडकीपर्यंत चढायला एखादं स्टूल ठेवा किंवा ती खिडकीच बंद करा. दुसरं मांजर असेल तर वेगळं. जेवत नसेल तर चिकनचं कोमट पाणी द्या, त्यात कांदा-लसूण-मीठ काही नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. मोठं मांजर पूर्ण दिवस काहीच खात नसेल तर फोन करा, विशेषतः जाडं असेल तर, कारण उपाशी राहिलं की दोन-तीन दिवसांत चरबी लिव्हरमधे साचायला लागते. आणि गुरगुरतंय म्हणजे मजेत आहे असं धरू नका, मांजरं दुखत असतानाही गुरगुरतात. डोळे अर्धे मिटलेले, कान बाजूला पडलेले, अंग चाटणं बंद, या खुणा जास्त खऱ्या.

हे सगळं करताना मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःच्या डॉक्टरकडे जा, घरचंच मांजर आहे म्हणून सोडू नका.

लंगडणं थांबलं तरी एक काम राहतं. टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ राहू शकते, ती सहसा काही आठवड्यांत जिरते. पण मांजरांत क्वचित इंजेक्शनच्या जागी कॅन्सरची गाठ होते, अमेरिकेत १९९१ मधे हे पहिल्यांदा लक्षात आलं, आणि त्यानंतर तिकडे लस मानेमागे न देता पायात, तीही शक्य तितकी खाली द्यायची पद्धत आली, कारण गाठ झालीच तर पाय काढून जीव वाचवता येतो. मानेमागच्या गाठीला तसं करता येत नाही. म्हणजे डॉक्टरांनी पायात लस दिली आणि त्यामुळे दोन दिवस लंगडलं, तर त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही, उलट विचार करून दिलीय. हा कॅन्सर फार कमी होतो, दर १० हजार ते ३० हजार लसींमागे एखादा असा अंदाज सांगितला जातो, त्यामुळे या भीतीने लस टाळू नका, रेबीज एकदा दिसायला लागला की इलाज नाही. फक्त ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा: गाठ ३ महिन्यांनंतरही आहे, किंवा २ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, किंवा इंजेक्शननंतर १ महिन्याने वाढत चाललीय, यातलं काहीही एक असेल तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, करायला सांगा. नुसतं बघू-बघू नको.

यासाठी लसीच्या कार्डावर तारखेपुढे जागा लिहून घ्या. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर डॉक्टर तिथं चिकटवतात, त्याच्याच शेजारी पेनाने ‘उजवा मागचा, गुडघ्याखाली’ एवढं लिहायला सांगा, डॉक्टर विसरले तर आपण लिहा. अँटिबायोटिक किंवा इतर इंजेक्शन असेल तर नाव, स्नायूत की कातडीखाली, आणि कुठला पाय. पुढच्या वेळी टोचायच्या आधीच सांगा, मागच्या वेळी या पायात दिल्यावर हा एवढे दिवस लंगडला होता, तर दुसऱ्या बाजूला द्याल का, किंवा हेच औषध तोंडाने देता येईल का. आणि घरून एक जाड टॉवेल न्या, ज्यात मांजर रोज झोपतं तोच, स्वतःचा वास असलेला. त्यात गुंडाळून फक्त हवा तो पाय बाहेर ठेवला की चिंगी आता हलतसुद्धा नाही, आणि सुई लावायच्या आधी मी डॉक्टरांना दोन सेकंद थांबायला सांगते, तिचं अंग सैल पडेपर्यंत.